तापीपलीकडचा आरसा

१९६९ सालची गोष्ट. गावात बोंब झाली, की चुनीलालची सून नदीपलीकडे कोणालातरी लाल उजेडाने खुणा करते. चुनीलाल म्हणजे माझे सासरे. सून म्हणजे मी, निर्मला, शहाद्याला फिजिक्स शिकवणारी. नवरा नोकरीला सुरतेत, मग काय, लोकांना रान मोकळं.

खुणा कसल्या डोंबलाच्या! सूर्य बुडाला की हवेत नायट्रेटचे रॅडिकल, म्हणजे एक जातीचे उतावळे कण, साठू लागतात. अगदी नावापुरते. उन्हात टिकत नाहीत, आणि जगतात तोवर भेटेल त्याला धरतात. लाल उजेड ते थोडा गिळतात. म्हणून मी सारंगखेड्याच्या आमच्या पंपाच्या खोलीतून लेसरचा झोत तापीपार सोडायची. पलीकडच्या आरशावरून तो परत आला की किती कमी झाला ते मीटरवर बघायचं. वाऱ्याने आरसा हलला तर स्क्रू फिरवायला तिथे आमचा सालदार रेवजी बसे. तेवढं गावाला पुरलं.

लेसर मुंबईहून उसना आणलेला, उद्या परत जाणार होता. आजवर एकही धड नोंद मिळाली नव्हती; आजची संध्याकाळ हुकली की सगळी मेहनत पाण्यात. आणि नेमकं आजच सासऱ्यांनी बजावलं, "रेवजीले तठे धाडू नको."

ते बाहेर पडले. सासूबाई भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "आरसा मी धरसू. दखू, मंग कोण काय बोलस ते." आणि दिवस कलायच्या आत नावेत बसून पलीकडे गेल्यासुद्धा.

दिवेलागणीला झोत परत आला. मीटरचा काटा स्थिर होता. अंधार दाटत गेला तसा तो हळूहळू उतरू लागला; रॅडिकल उजेड गिळत होते. मला ओरडावंसं वाटलं. तेवढ्यात सासरे आत शिरले, मागे गावातली चार माणसं. त्यांचा हात थेट मेन स्विचवर.

"तठे कोण शे? कोणले खुणा करी ऱ्हायनी?"

आजवर त्यांच्यापुढे मी मान वर केली नव्हती. आज डोक्यावरचा पदर घसरला तो घसरू दिला.

"माय शे, दादा. मायनी सांगेल शे, उजेड कोणी बंद करा ते ती तठेच ऱ्हाई."

सासरे पाण्याकडे बघत राहिले. पलीकडे लाल ठिपका डळमळला आणि पुन्हा जागेवर आला. सासूबाईंनी स्क्रू फिरवला होता.

सासऱ्यांनी स्विचवरचा हात काढला आणि मागच्या माणसांवर खेकसले, "काय दखी ऱ्हायनात? मन्ही बायको शे तठे!"

मी काट्याकडे वळले. तो अजून उतरत होता.