तिसऱ्या तबकडीतली वाहवा

बाभळीचा काटा तळहातावर पांढरा दिसतो, पण उजेडाकडं धरला की त्याच्या पोटातून मधाच्या रंगाची एक रेघ जाते. ती रेघ सरळ असली तर काटा गातो, वाकडी असली तर नुसता खरखरतो... हे पुंजाजीनं स्वतः शोधून काढलं होतं, निदान तो तसं सांगत असे, आणि इतकी वर्षं सांगून झाल्यावर दोन्हींत फरक तो कितीसा उरतो! लढाई सुरू झाली, खामगावच्या दुकानात पोलादी सुया मिळेनाशा झाल्या, तेव्हापासून जानेफळच्या त्याच्या चहाच्या हॉटेलातला तबकड्यांचा फोनो काट्यावरच चालत होता. तबकडीच्या एका बाजूला एक काटा. गोजरबाई, त्याची बायको, सरपणातून काटे निवडून सुपात ठेवी.

"हे घ्या तुमच्या बाईचे काटे," सूप आपटत ती म्हणाली. "आज तेरवी हाय, म्हणून लंबे-लंबे पाह्यले."

तेरवी. नाटक कंपनीत गाणाऱ्या कौशल्याबाई गेल्याची बातमी किसनराव मास्तरांनी पेपरातून वाचून दाखवली होती, चार ओळी, त्यातली एक तर कंपनीच्या नावातच गेलेली. मास्तरच म्हणाले होते की तिला ना लेक ना लेकरू, तेराव्या दिवशी आपण तिच्या सगळ्या तबकड्या ऐकू, तेवढंच पाणी पोचेल. आणि मग, चहाचा कप खाली ठेवता ठेवता, डोळा बारीक करून...

"बशीरमियाँ येऊन राह्यले बरं का. मेहकरले लेकीकडं उतरले हायेत. बाईच्या कंपनीत तबल्यावर होते, तबकड्या भरल्या तवा तिथंच बसेल होते. पुंजाजी, तुह्या वाहवाले साक्षीदार भेटला लेका!"

तेव्हापासून पुंजाजी तिसरी तबकडी लावायचं टाळत होता.

कारण तिसऱ्या तबकडीत, पद संपायच्या जरा आधी, एक पुरुष 'वाहवा' म्हणतो. लांबून, दबकत, तोंडातून निसटल्यासारखं. आणि ती वाहवा आपली, हे पुंजाजीनं गेली अठरा वर्षं गावाला, गावाच्या पाहुण्यांना, एकदा तर देवी टोचायला आलेल्या सरकारी माणसालाही सांगितलं होतं. बाईनं त्याला, आपल्या जुन्या गाडीवानाला, मुंबईला कसं बोलावून घेतलं, गाडीवान समोर नसला तर मला सूर सापडत नाही असं ती तबकडी भरणाऱ्या साहेबाला कशी म्हणाली, भोंग्यासमोर तिला उभं केल्यावर भोंगाच कसा लाजून वाकला, सगळं. त्या आधीची वाघाची गोष्ट तर पोरांनाही पाठ होती: बाईची दमणी, ती छपराची बैलगाडी, हाकताना एक वाघ तीन कोस गाडीमागून चालत आला, पद संपल्यावर शेपटीनं राम राम करून परत गेला. वाघाबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. वाघाला साक्षीदार नव्हता.

दुपार कलती झाली तशी माणसं जमली. बशीरमियाँ मास्तरांच्या हाताला धरून आले. पासष्टीचे, डोळ्यात फूल पडलेलं, बोटं मात्र अजून स्वतःचीच कामं करणारी, मांडीवर, काठीवर, कपाच्या काठावर. पुंजाजीनं त्यांना भोंग्याच्या अगदी समोर बसवलं आणि लगेच वाटलं, काऊन बसवलं बे मी इतकं जवळ?

त्यानं पुठ्ठ्याची जाड वही उघडली. सहा खिसे, सहा तबकड्या. नाटकांतली पदं, दोन जुन्या लावण्या, एक भजन, ज्यांतलं एकही नवं नाही, सगळी गल्लोगल्ली गाऊन गाऊन गुळगुळीत झालेली. चावी दिली. काटा टेकवला. आधी तव्यावर ज्वारी फुटावी तशी तडतड, आणि त्या तडतडीतून ती आली.

काय होतं तिच्यात, हे पुंजाजीला कधी धड सांगता आलं नव्हतं, म्हणून तर तो वाघ सांगत असे. दुसऱ्या बाया पद सजवायच्या. ही जुनं पद जुनंच असू द्यायची, फक्त त्यात बसायला जागा करायची. समेवर यायची, पण धावत नाही. अंगणात जरा थांबल्यासारखी, पायातलं काढल्यासारखी, आणि मग आत. रुसलेल्या नायिकेचं पद, जिथं इतर जणी पाय आपटून आवाज चढवत, तिथं ही आवाज उतरवायची. खरं रुसलेलं माणूस हळूच बोलतं, हे पुंजाजीला लग्नानंतर कळलं, पण ही आधीपासून गात होती. आणि बाजू संपताना, तेव्हाच्या तबकड्यांची रीतच होती तशी, गाणं मिटलं की घाईघाईनं, साध्या बोलण्याच्या आवाजात: 'मी कौशल्याबाई.' दम लागलेला. जरा हसू. तीन मिनिटांच्या गाण्यापेक्षा त्या दोन शब्दांसाठीच तो चावी देत असे, कारण गाणं जगाचं होतं, पण तो बोलण्याचा आवाज... तो त्यानं दमणीत ऐकला होता.

दमणी खरी होती. एवढीच गोष्ट खरी होती, आणि एवढीच त्यानं कुणाला सांगितली नव्हती.

वीस वर्षांचा होतो मी. चिखलीचा खेळ आटोपून कंपनी मेहकरला निघालेली. सामानाच्या गाड्या पुढं, बाईची दमणी मागं, उंद्री गाव सोडलं आणि उजाडलं. तिच्या मांडीवर पानाचा डबा होता, पाय खाली सोडलेले. रात्रीचंच पद ती गुणगुणली, एकच ओळ. वर गेली, आणि वरून उतरताना मध्येच एका जागी थांबली, जिथं थांबायचं नसतं तिथं, आणि बैलांच्या घुंगरांनी ती जागा भरून काढली, मग ती खाली आली. मागं कुणी नाही. फक्त मी. आणि तिनं विचारलं, "गाडीवान, बरं झालं का रे?"

शब्द आला होता. गळ्यापर्यंत आला होता. आणि तोंडातून निघालं, "हैक! हैक!" तेही धाकट्या बैलाला, जो बिचारा सरळच चालला होता. ती हसली. "बैलाशी बोलतोस होय, माझ्याशी नाही?" मग मेहकर येईस्तोवर ती काही गुणगुणली नाही.

सहा वर्षांनी खामगावच्या दुकानात त्यानं ती तिसरी तबकडी ऐकली, तीच ओळ, तीच थांबायची जागा, आणि तिथं कुणीतरी म्हणालं, वाहवा. दुकानात उभ्या उभ्या त्याचे डोळे भरून आले होते. घरी येईपर्यंत ती वाहवा त्याची झाली होती.

"हं, आता तिसरी," मास्तर म्हणाले. "बशीरमियाँ, कान द्या बरं. आमचा पुंजाजी हाय याच्यात, असं तो म्हणते."

कुणीतरी खोकलं, कुणीतरी हसलं. गोजरबाई चुलीपाशी उभी राहिली, पदर तोंडाशी. पुंजाजीनं काटा बदलला. तो जरा जोरातच टेकला आणि तडतडीवर एक जास्तीची तडतड उमटली. पद चाललं. बशीरमियाँची बोटं मांडीवर ठेका धरून होती. ओळ वर गेली... आणि पुंजाजी भोंग्याकडं नाही, म्हाताऱ्याच्या तोंडाकडं पाहत होता. ती थांबली. बोटं थांबली. आणि तबकडीतून आवाज यायच्या आधी, डोळ्याची पापणी लवावी इतक्या आधी, बशीरमियाँचे ओठ हलले.

वाहवा, असं मग भोंग्यातून आलं.

पुंजाजीनं नजर जमिनीला लावली. संपलं, त्याला वाटलं, आता मास्तर वर्षभर पुरवून खाणार. 'मी कौशल्याबाई,' ती म्हणाली आणि काटा आतल्या रेघेत गरगरत राहिला.

"काय मियाँ, कोणाची हो ते वाहवा?"

बशीरमियाँनी काठी चाचपली. "याचीच," ते म्हणाले. "हाव. गाडीवान होता ना एक. भोंग्याच्या मागं उभा होता. साहेब लय बिघडला होता याच्यावर."

हॉटेलात एकच कल्ला झाला. मास्तरांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे वाघही खराच म्हणाव काय आता!" "बुढा खरंच बोलत होता माय!" असं गोजरबाई म्हणाली, आणि अठरा वर्षांत पहिल्यांदाच तिनं त्याच्याकडं जरा दबून पाहिलं. पुंजाजीला मात्र, भरल्या बाजारात कुणी अंगावर दुसऱ्याचा कोट चढवावा, तसं झालं.

उरलेल्या तबकड्या त्यानं कशा लावल्या ते त्यालाच ठाऊक. बशीरमियाँना गाडीत बसवताना तो वाकला.

"चाचा, तुमचीच हाय ना ते? मंग काऊन?"

म्हाताऱ्यानं काठी गाडीत आडवी ठेवली.

"साहेबानं पुसलं, कोण बोललं? पुऱ्या खोलीत कोणी नाही बोललं. मीबी नाही. बाईनं एकेकाच्या तोंडाकडं पाह्यलं रे... रागानं नाही. तिले फकत मालूम करायचं होतं. अन् मी पगार तुटायच्या भेवानं तबल्याची वादी कसत बसलो." त्यांनी पुंजाजीचा हात चाचपून धरला. "मी कबूल नाही केली, तू केली. ज्यानं कबूल केली त्याची."

गाडी हलली. पुंजाजी रस्त्यात उभाच.

हॉटेलात परतला तेव्हा गोजरबाई कप विसळत होती. ऊन बाकड्यावरून उतरून भोंग्याच्या तोंडापर्यंत आलं होतं. त्यानं सुपातला उरलेला काटा उजेडाकडं धरला. रेघ सरळ होती.

"आता अजून कोणासाठी?" तिनं विचारलं. "गेले ना सारे."

त्यानं चावी दिली, तिसरी तबकडी ठेवली. तडतड... आणि ती. म्हणजे दोघं होते, त्याला वाटलं, एकीला दोन मुकी माणसं भेटली. एकाचं निसटलं आणि त्यानं झाकलं, दुसऱ्याचं अडलं आणि त्यानं ते उचलून आणलं. पण दमणीत तिनं विचारलं होतं ते मला. बशीरला नाही, खोलीला नाही. ते अजून तसंच पडून आहे, उंद्रीच्या पुढं, रस्त्यावर.

त्यानं बोट काटा धरणाऱ्या साउंडबॉक्सखाली नेलं. थांबायच्या जागेवर काटा उचलला तर वाहवा येणार नाही. ती जागा मोकळी राहील, त्याच्यासाठी, जशी तेव्हा होती. पण मग नावही येणार नाही. दम लागलेलं, हसरं 'मी कौशल्याबाई' त्या वाहवेमागंच तर होतं. दुसऱ्याची वाहवा ओलांडल्याशिवाय तिथं पोचता येत नव्हतं.

ओळ वर चढू लागली. बोटाला तबकडीची थरथर लागत होती, धाकट्या बैलाच्या कासऱ्यातून लागायची तशी. गळ्यात काहीतरी आलं होतं, चोवीस वर्षांपूर्वीचं, अजून ओलं; पण ते वाहवा आहे की हैक, हे त्याला अजूनही ओळखू येत नव्हतं... आणि ती थांबायच्या जागेशी आली होती.