वहिनींचा पहिला लेख माझ्यावर

मित्रांनो, मी कपडे धुण्याचे एक जुने मशीन आहे. माझे वय तेरा वर्षे. माझा पांढरा रंग पिवळट पडला आहे, साबणाच्या खणाची मूठ तुटली आहे, आणि कपडे पिळताना मी इतके थरथरते की शेजारी टेकवलेला झाडू दरवेळी आडवा होतो. तरीही माझा ताठा काडीभर कमी झालेला नाही, कारण माझ्यावर एक लेख लिहिला गेला आहे. पुढे फ्रिजवर लिहिले गेले, मिक्सरवरही लिहिले गेले, पण पहिला मान माझा. फ्रिजला ही गोष्ट मी अधूनमधून ऐकवते. तो नुसता घुरघुरतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा वाकवला गेला, ड्रम बसवला गेला, तारा जोडल्या गेल्या. सर्वात शेवटी तपासणीच्या टेबलाशी एक बाई उभ्या होत्या. त्यांनी माझा ड्रम हाताने फिरवला, कान लावून ऐकला आणि माझ्या कपाळावर हिरवी चिठ्ठी चिकटवली. आयुष्यातली ती पहिली शाबासकी. त्यानंतर काही महिने दुकानाच्या काचेआड काढले आणि एके दिवशी दोन हमालांच्या खांद्यावरून या घरात तिसऱ्या मजल्यावर आले. जिन्याच्या वळणावर कठड्याला आपटून डाव्या कुशीला पोचा पडला, तो अजून आहे.

घरात माणसे तीन. सर्वात मोठ्या सिस्टर. तीस वर्षे त्यांनी मोठ्या दवाखान्यात, ऑपरेशनच्या खोलीत परिचारिका म्हणून काम केले. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण सारी इमारत त्यांना अजून सिस्टरच म्हणते. त्यांचा मुलगा चष्म्याच्या दुकानात काम करतो. आणि मुलाची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, एका वकिलांकडे टायपिस्ट होत्या.

मला मागच्या गॅलरीत नळाशेजारी उभे केले गेले. पहिली काही वर्षे माझे कोण कौतुक! सिस्टर दोरीवरचा एकेक कपडा उजेडात धरून बघायच्या आणि म्हणायच्या, "आमच्या दवाखान्यातसुद्धा इतकं स्वच्छ निघत नव्हतं हो." ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर पत्रा चढायचा. पण कौतुकाचे दिवस फार टिकत नाहीत. माझ्यासोबत आलेली माहितीपुस्तिका डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली गेली. माझ्या पायाशी, उजव्या कोपऱ्यात, एक छोटे दार आहे. त्यामागे माझा फिल्टर असतो. कपड्यांतून सुटलेला सगळा कचरा तिथे अडकतो, आणि तो महिन्या-दोन महिन्यांनी काढायचा असतो. तेरा वर्षांत ते दार एकदाही उघडले गेले नाही. हळूहळू माझ्यातून पाणी सावकाश जाऊ लागले, अंगाला वास येऊ लागला. "मशीनला वास येतोय," असे तिघेही म्हणायचे आणि नाक मुरडून आत निघून जायचे.

काही महिन्यांपूर्वी वकीलसाहेबांनी काम थांबवले आणि वहिनी घरी बसल्या. अकरा वर्षे त्या सकाळी साडेनऊला बाहेर पडत होत्या. आता साडेनऊ वाजले की त्या उगाच भांडी पुन्हा आवरायच्या. नवऱ्याने एकदा समजावले, "अगं, अडलंय का आपलं? कर की थोडा आराम."

वहिनी म्हणाल्या, "आरामाचं नाही हो. अकरा वर्षं मी दुसऱ्याचं म्हणणं टाइप केलं. वाक्य त्यांचं, बोटं माझी. आता एकदा माझं वाक्य लिहून बघायचंय. जमतंय का तेवढं तरी कळू दे."

मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले की या बाईंच्या पोटातही काहीतरी अडकून राहिले आहे.

पुढच्याच आठवड्यात वहिनींना एक ठिकाण सापडले. दुकानांच्या वेबसाइटसाठी माहितीचे लेख लिहून देणारी ती संस्था होती. याला कंटेंट रायटिंग म्हणतात, असे वहिनींनी सासूबाईंना सांगितले. तिथल्या संपादकबाई नव्या माणसाकडून आधी एक चाचणी लेख लिहून घेत. तो पसंत पडला तर नेहमीचे काम, नाही तर रामराम.

घरात टेबल एकच, आणि त्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा डोंगर. म्हणून वहिनींनी लॅपटॉप आणून माझ्या डोक्यावर ठेवला. मी रुंद, सपाट, उजेडाच्या बाजूला. उभ्याने लिहायला अगदी सोयीचे. चाचणीचा विषय उघडला गेला आणि मी कान टवकारले. विषय होता, "कपडे धुण्याच्या मशीनचा फिल्टर घरच्या घरी कसा साफ करावा."

आता गंमत ऐका. वहिनी माझ्या डोक्यावर लॅपटॉप ठेवून, माझ्याच पोटाला पोट टेकवून, माझ्याच फिल्टरवर लिहीत होत्या, पण खाली वाकून माझ्याकडे एकदाही बघत नव्हत्या! त्यांनी पाच वेबसाइट उघडल्या. एकीतून दोन ओळी, दुसरीतून चार, असे जमवले आणि वर आपल्या वकिली भाषेचा मुलामा दिला. "सदर यंत्राच्या खालील बाजूस असलेले झाकण उघडून उक्त फिल्टर विलग करण्यात यावा." आठशे शब्द झाले. वहिनी खूश. मी आतल्या आत धुमसत राहिले.

सिस्टरनी चष्मा लावून लेख वाचला. "मला नोटीस आल्यासारखं वाटतंय गं," त्या म्हणाल्या. "मी काही गुन्हा केलाय का?"

"आई, लिहिण्याची भाषा अशीच असते," वहिनी म्हणाल्या आणि लेख पाठवून दिला.

बुधवारी संपादकबाईंचा फोन आला. वहिनींनी तो स्पीकरवर ठेवला, त्यामुळे मीही सगळे ऐकले. बाई तिखट होत्या, पण खोट्या नव्हत्या. "तुमचं टायपिंग चोख आहे. एक चूक नाही. पण ही माहिती मी आधी पाच ठिकाणी वाचलीय. यात तुमचं काय आहे? मला खरं सांगा, हा फिल्टर तुम्ही कधी साफ केलाय?"

"नाही," वहिनी म्हणाल्या.

"शुक्रवारी दुपारी बारापर्यंत पुन्हा पाठवा. नाही जमलं तर मी दुसऱ्या कुणाला देते. राग मानू नका."

फोन ठेवल्यावर वहिनींनी माझ्या कडेला हात टेकला. "यात तुमचं काय आहे," हे त्या दोनदा पुटपुटल्या. मला त्यांची फार दया आली. तेरा वर्षांचा राग मी तिथल्या तिथे सोडून दिला.

गुरुवारी सकाळी त्यांनी सगळे पुसले आणि सोप्या भाषेत नव्याने कागदावर लिहिले. "सदर" गेले, "उक्त" गेले. वाचायला छान झाले होते. पण ते लिहिले होते लॅपटॉपकडे बघूनच. सिस्टर स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. "दे तो कागद इकडे. तू लिहिलंयस तस्संच करते. एक शब्द इकडचा तिकडे करणार नाही."

सिस्टर गुडघे धरत खाली बसल्या. पहिली ओळ, छोटे दार उघडा. तेरा वर्षांनी ते दार करकरत उघडले. दुसरी ओळ, आतली मूठ डावीकडे फिरवा. सिस्टरनी जोर लावला, मूठ सुटली, आणि मित्रांनो, मी काय करणार? माझ्या पोटात पाणी साचलेले होते. ते भसकन बाहेर आले. गॅलरी भरली, उंबरा ओलांडून पाणी स्वयंपाकघरात शिरले, सिस्टरच्या सपाता तरंगत दाराशी गेल्या. वहिनींनी एका हाताने लॅपटॉप उचलला आणि दुसऱ्या हाताने माझी वायर ओढून काढली.

भिजलेल्या सिस्टरनी कागद वर धरला आणि शांतपणे खालची एक ओळ वाचली. "पाचवी पायरी. हे सर्व करण्यापूर्वी नळ बंद करून, प्लग काढून, खाली ट्रे ठेवणे विसरू नका." मग सुनेकडे बघून म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे आधी सगळी हत्यारं टेबलावर मांडायचे, मोजायचे, आणि मग पोट उघडायचे. तू आधीच पोट फाडलंस आणि मग म्हणतेस कापूस आणा!"

वहिनींना हसू आवरेना. हसता हसता त्या ओल्या फरशीवर बसल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "आई, मला काहीच माहीत नाही हो यातलं. मी नुसतं बघून बघून लिहिलं."

"मग आता हात घाल," सिस्टर म्हणाल्या. "बसलीच आहेस तर."

आणि वहिनींनी हात घातला. मला किती बरे वाटले ते कसे सांगू! फिल्टर बाहेर आला तेव्हा त्याला कबुतराएवढा लोकरीचा गोळा चिकटलेला होता. त्यात केसांच्या चार पिना, सिस्टरच्या जुन्या गणवेशाचे एक बटण आणि चष्म्याचे तीन बारीक स्क्रू निघाले. जुन्या टूथब्रशने वहिनींनी फिल्टर घासला. मोबाइलचा उजेड पाडून माझ्या पोटात डोकावल्या, तिथला पाणी बाहेर ढकलणारा छोटा पंखा बोटाने फिरवून पाहिला. मग बाजूला ठेवलेल्या टॉवेलला हात पुसले, मांडीवर कागद ठेवला आणि तिथेच, फरशीवर बसून लिहायला लागल्या.

या वेळी पहिली ओळ अशी होती: "आधी नळ बंद करा, प्लग काढा, आणि एक ट्रे, एक जुना टॉवेल व एक जुना टूथब्रश हाताशी घेऊन खाली बसा." पुढे त्यांनी लिहिले की मूठ एकदम सोडू नका, थोडी सैल करा. ट्रे भरत आला की मूठ पुन्हा आवळा, ट्रे रिकामा करा, मग परत सैल करा. असे तीन-चार वेळा करावे लागेल, घाबरू नका. पाणी काळे आणि वासाचे असेल, तेव्हा लाजू नका, सगळ्यांच्याच मशीनचे असते. यातले एकही वाक्य त्या पाच वेबसाइटवर नव्हते. ते वहिनींचे स्वतःचे होते, गुडघे ओले करून मिळवलेले.

शुक्रवारी सकाळी पुन्हा परीक्षा झाली. मला मुद्दाम एकदा चालवले आणि पाणी आत असतानाच मध्येच थांबवले. सिस्टर कागद घेऊन बसल्या, वहिनी मागे हात बांधून उभ्या. सांगायचे काही नाही, असे ठरलेले होते. एका ठिकाणी सिस्टर अडल्या. "डावीकडे म्हणजे माझ्या डावीकडे की मशीनच्या?" त्यांनी विचारले, आणि वहिनींनी लगेच "तुमच्या डाव्या हाताला" असे घातले. एवढे झाल्यावर फिल्टर निघाला, धुतला, परत बसला. फरशी कोरडीच्या कोरडी! बाराला वीस मिनिटे कमी असताना लेख गेला.

त्यानंतरचे तास फार वाईट होते. वहिनींनी मला दोनदा पुसले, जिथे डाग नव्हता तिथेही. चार वाजता लॅपटॉपवर निरोप आला. वहिनींनी मोठ्याने वाचला. "तुमचा लेख वाचताना मी माझ्या मशीनपाशी जाऊन बसले. एकही शब्द बदललेला नाही. सोमवारपासून फ्रिजवरचा लेख घ्या." सिस्टरनी सुनेच्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की झाडू पडला, आणि त्या वेळी तर मी थरथरतही नव्हते.

महिन्याभराने लेख प्रसिद्ध झाला. वहिनींच्या यजमानांनी दुकानातून येताच मोबाइल उघडला, वरून खालपर्यंत तीनदा पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. "अगं, तुझं नाव कुठंय?"

"नाव नसतं हो यात," वहिनी म्हणाल्या. "दुकानाचं असतं."

"हा काय न्याय झाला!" ते म्हणाले. खरे सांगायचे तर मीही हिरमुसले होते. माझा फोटोसुद्धा नव्हता. कुठल्या तरी नव्या कोऱ्या मशीनचा छापला होता.

मग एका दुपारी तळमजल्यावरची ब्युटी पार्लरवाली धापा टाकत वर आली. तिच्या पार्लरचे टॉवेल धुणारे मशीन पाण्याने भरून बंद पडले होते, आणि ट्रे मागायला ती आमच्याकडे आली होती. हातात मोबाइल होता. "वहिनी, तुमचंही मशीन जुनं आहे ना? मग हे ऐकाच. कुणी लिहिलंय देव जाणे, पण असं वाटतं शेजारी बसून सांगतंय." आणि तिने उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली. "पाणी काळे आणि वासाचे असेल, तेव्हा लाजू नका, सगळ्यांच्याच मशीनचे असते." इथे ती खळखळून हसली. "मी खरंच लाजत होते हो! मेकॅनिकला बोलवायचीसुद्धा लाज वाटत होती."

सिस्टरनी तोंड उघडले. वहिनींनी हळूच त्यांचा हात दाबला. पार्लरवालीने पूर्ण लेख वाचला आणि वहिनींनी तो शेवटपर्यंत ऐकला, जणू पहिल्यांदाच ऐकत होत्या. मग ट्रे दिला, टॉवेल दिला, आणि पार्लरवाली जिना उतरून गेली.

"का गं, सांगितलं का नाहीस?" सिस्टर रागावल्या.

"सांगितलं असतं तर ती माझं कौतुक करत इथंच बसली असती, आई," वहिनी म्हणाल्या. "आता बघा, फिल्टर उघडायला गेली."

मित्रांनो, इतकी वर्षे मला वाटत होते की कपाळावरची ती हिरवी चिठ्ठी हाच माझा मोठा मान. आता तसे वाटत नाही. माझ्या पोटातल्या घाणीवरून एका बाईला स्वतःचे वाक्य सापडले आणि ते अनोळखी घरांत उपयोगी पडते आहे, याचा मला अभिमान आहे. तुमच्यापैकी कुणाला लिहायचे असेल तर ज्या वस्तूवर लिहाल तिच्यापाशी आधी बसा, तिला हात लावा, आणि लिहिलेले एकदा सासूला, आईला, शेजारणीला करून बघायला द्या. आणि लिहायचे नसेल, तरी माझ्यासारख्या म्हाताऱ्यांच्या पायाशी असलेले ते छोटे दार अधूनमधून उघडत जा. आम्हाला सांगता येत नाही.