झोक्याखालचा कोट

लग्नाआधी आईकडे दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फक्त फोटो आला होता. काळा कोट, टाय, चापून बसवलेले केस. माणूस धुळ्याच्या सरकारी कचेरीत कारकून. इकडे धरणगावात आईने महिनाभर त्या कोटाशीच संसार मांडला होता. आबांनी, तिच्या वडिलांनी, सांगून ठेवलं होतं, "वच्छला, नीट पाहून घे. हो की नाही, ते संध्याकाळी तूच सांगायचं."

कचेरीला सुट्टी म्हणून पाहणी नेमकी अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरली. अखजीला आमच्याकडे मुली झोक्यावर आणि पुरुष पत्त्यांवर. दादांना घेऊन आलेले त्यांचे काका स्टँडजवळच्याच एका डावात बसले. "तू हो पुढे, मी आलोच." दादा एकटेच निघाले.

वाटेवर निंबाला झोका होता. त्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घ्यायचा मुलींना हक्कच असतो. धुळीने माखलेला एक माणूस खांद्यावर डांगर, म्हणजे मोठं खरबूज, घेऊन येताना दिसला. झोक्यावर उभ्या आईने ओरडून भाव विचारला,

"ओ भाऊ, डांगर कितलाले शे?"

"इकानं नही शे."

"मंग काय, मिरवाले लयेल शे?"

मुली खिदळल्या. त्याने डांगर खाली ठेवलं आणि वर फांदीकडे पाहिलं.

"हसा मंग. पहिले खाले उतर. दोर घासायना शे."

आई उतरली. तो सरसर झाडावर चढला, पिशवीतून काहीतरी काळं काढलं, घडी करून दोराखाली सारलं आणि गाठ पुन्हा आवळली. घडीतून टायचं टोक लोंबत होतं. आईने ते ओळखलं.

"हा कोट... तुमचा?"

"मित्राचा. फोटोपुरता मागितला होता, आज पुन्हा मागून आणला. पण या उन्हात घालवेना." दादा खाली उतरले. "तुमच्या फोटोत मान खाली होती. मला वाटलं, मुलगी अबोल आहे."

घरी रीतसर पाहणी झाली. आईने चूलघरात जाऊन थोडं रडून घेतलं, कोटासाठी. आबा दाराशी आले. "पाहुणे निघालेत. काय सांगू?"

"त्यांचा कोट झाडावर आहे," आई डोळे पुसत म्हणाली. "मुली एवढ्यात झोका सोडायच्या नाहीत. नंतर स्वतः येऊन न्यायला सांगा."

आबा हसत बाहेर गेले आणि त्यांनी पाहुण्यांच्या हातावर गूळ ठेवला.

दादा गेले, आणि या अखजीला पहिल्यांदाच त्यांच्या नावाची पितरांची घागर भरायची होती. मी मातीची घागर पाण्याने भरली, तोंडावर डांगर ठेवलं. हळद-कुंकू लावलं. आई भिंतीला टेकून बसली होती. तिने डांगराकडे पाहिलं.

"कितलाले शे व माय?" तिने विचारलं.

"इकानं नही शे," मी म्हणाले.

आई हसली. मग मीही.