लाल टोप्यांची जोडी

"मुलगा दुबईला न्या, पोरगी राहू दे आमच्याकडे," असं फर्मान सोडणाऱ्या घरातल्या थोरल्यांनो, तोंड तुम्ही लपवायचं, आणि लपवावं लागलं कुमुदला!

अठ्ठ्याण्णव साल. दुबईच्या देरा भागातल्या चिनी व्यापाऱ्यांना इंग्रजी शिकवताना 'ट्विन्स' समजावायला तिनं आपल्या जुळ्यांचा फोटो दाखवला. चिन्यांत मुलगा-मुलगी जुळी म्हणजे केवढं भाग्य! त्यांच्यातल्या लिनबाई दुसऱ्याच दिवशी लाल टोप्यांची जोडी घेऊन हजर.

"टीचर, दोघांना बोलवा!"

वर्गाबाहेर बसलेला तिचा मुलगा नीरव एकटाच आत आला. "मिहिका डझन्ट लिव्ह विथ अस," तो सहज म्हणाला.

"व्हाय?" लिनबाईंनी विचारलं.

कुमुदची मान खाली गेली. फर्मान तुमचं खरं, पण एकच पोर घेऊन विमानात चढली तीच. दुसरी टोपी टेबलावर तशीच पडलीय. बोला, लिनबाईंना काय सांगायचं?