सहा स्क्रू आणि एक गडगडाट

मी एक जुना पत्रा आहे. हसू नका. पत्रा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर गळकं छप्पर नाहीतर गंजलेलं डबडं येतं, हे मला ठाऊक आहे. पण मित्रांनो, मी कधी कुणाच्या डोक्यावर बसलो नाही आणि कुणाचं तेलही पोटात ठेवलं नाही. मी आयुष्यभर एकच काम केलं. मी गडगडलो. नाटकात वादळाचा प्रसंग आला की ढगांचा आवाज माझा असायचा. तुमच्या आजीआजोबांनी नाट्यगृहात जेवढे ढग ऐकले, त्यांतले निम्मे माझे. उरलेले निम्मेही माझेच असावेत, पण माणसाने जसा नम्रपणा ठेवावा तसा पत्र्यानेही ठेवावा.

माझा जन्म लोखंडाच्या कारखान्यात झाला. लालभडक लोखंड दोन रुळांमधून लाटत लाटत पातळ केलं, तो मी. एका दिवसात आम्ही चाळीस भावंडं लाटली गेलो. कुणी बादली झाला, कुणी टपालपेटी. एक भाऊ जहाजाला लागला. समुद्राला लाटा आपल्यामुळे येतात असं तो अजून सांगत फिरतो. थापा मारण्याची सवय आमच्या घराण्यात आहे, नाही म्हणत नाही.

मी मात्र कुठेच लागेना. इतरांपेक्षा मी लांब होतो, पातळ होतो आणि जरा उचललं की थरथरायचो. दुकानदार वैतागून म्हणायचा, "हा पत्रा नाही, कटकट आहे."

एक दिवस नाट्यगृहात आवाज करणारे एक गृहस्थ दुकानात आले. त्यांना सगळे गडगडेमामा म्हणत. त्यांनी एकेका पत्र्यावर बोटाने टकटक केली, कान लावला, मान हलवली आणि पुढे गेले. कलिंगड निवडणारी माणसं असंच करतात. माझ्यापाशी आल्यावर त्यांनी टकटक केली नाही. नुसता एक कोपरा उचलला आणि सोडून दिला. मी जे बोलायला लागलो, तो दुकानदाराने कानांत बोटं घालेपर्यंत थांबलो नाही.

"हा बोलका आहे," मामा म्हणाले. "बांधून द्या."

रंगमंचाच्या बाजूला, काळ्या पडद्याआड, त्यांनी मला तुळईला तारेने टांगलं. वर दोन भोकं, खाली धरायला लाकडी पट्टी. माझ्याभोवती खडूने गोल काढला आणि सगळ्यांना बजावलं, "या गोलात पाय ठेवायचा नाही. पत्रा मोकळा लटकला पाहिजे. त्याला भिंत लागली, खुर्ची लागली, नुसता कुणाचा खांदा जरी लागला, तरी आवाज तिथल्या तिथे मरतो."

मित्रांनो, काय दिवस होते ते. एकदा मामा रंगात आले आणि मीही आलो. आम्ही असे गडगडलो की आठशे प्रेक्षकांनी बसल्या जागी छत्र्या उघडल्या. ज्यांच्याकडे नव्हत्या, ते शेजारच्याच्या छत्रीत शिरले. त्या प्रयोगात तीन लग्नं जुळली. बरं, दोन म्हणू. तिसरं आधीच ठरलेलं होतं.

मला एकाच गोष्टीचं कुतूहल असायचं. पडद्याआड असल्यामुळे प्रेक्षक मला कधी दिसले नाहीत. मी गडगडलो की पलीकडून फक्त एक "आं" यायचा, शेकडो गळ्यांतून. कुणाचा असेल तो? तोंडं कशी होत असतील त्यांची? डोळे मिटत असतील की विस्फारत असतील? मामांना विचारावं तर ते गडगडाटाशिवाय माझी दुसरी भाषा जाणत नव्हते.

मग एक दिवस मुठीएवढं यंत्र आलं. त्याचं बटण दाबलं की ढग, पुन्हा दाबलं की कोंबडा. मामा घरी बसले. पुढे नाट्यगृहही गेलं. मी एका सायकलदुरुस्तीच्या दुकानात आडोसा म्हणून उभा राहिलो. अकरा वर्षं माझ्यावर सायकली टेकल्या आणि कबुतरांनी जे करायचं ते केलं.

तिथे मला बाईंनी ओळखलं. बाई त्याच नाट्यगृहातल्या नटी. तरुणपणी सात वर्षं त्या माझ्या वादळात रोज भिजत होत्या, एक थेंबही न पडता. सायकलवाल्याला एक जाड फळी आडोशाला देऊन त्यांनी मला नेलं.

म्हातारपणी बाईंनी एक खूळ डोक्यात घेतलं होतं. या शहरातल्या पोरांना नाटक, चित्र, गाणं यांची गोडी लावायची. जोडीला त्यांचे थोरले भाऊ होते, हाडाचे सुतार. बाई त्यांना दादा म्हणत, म्हणून आपणही म्हणू. आणि एक चित्रकलेचे मास्तर होते, ज्यांच्या दाढीत आठवड्याचा रंग आठवड्याच्या क्रमाने सापडायचा. जागा म्हणून त्यांना एक रिकामं गोदाम मिळालं होतं, तेही एका अटीवर.

गोदामाचे मालक म्हणाले होते, "वर्षभर वापरा. वर्षाच्या शेवटच्या दिवशी पाच वाजता मी येईन. शाळेने रांगेत हाकत आणलेली पोरं मी धरणार नाही. आपल्या पायांनी आलेली वीस पोरं दिसली, तर जागा तुमच्याकडे राहील. नाही दिसली, तर मला पोती ठेवायची आहेत."

"वीसच?" बाई हसल्या होत्या. "दोनशे येतील."

त्यांनी शहर पालथं घातलं आणि अडगळीतून खजिना गोळा केला. मुखवटे, व्हायोलिन, राजाचा मुकुट, मी. पुन्हा काही हरवायला नको, या धास्तीने प्रत्येक वस्तू दादांच्या हवाली केली. आणि तिथेच घोळ झाला.

दादा मनाने सोन्यासारखे. पण सुताराच्या डोळ्याला हलणारी वस्तू म्हणजे अपुरं राहिलेलं काम. डुगडुगतं टेबल दिसलं की त्यांना जेवण जायचं नाही. त्यांनी तीन आठवडे मला घासलं, गंज काढला, वर चकचकीत रोगण चढवलं. मग पाठीला रबर लावून सहा स्क्रूंनी मला भिंतीवर असं बसवलं की भूकंप आला असता तर भिंत हलली असती, मी नाही. समोर दोरी बांधली. शेजारी वळणदार अक्षरांत पाटी लावली: हात लावू नये.

इतकं प्रेम मला जन्मात कुणी दिलं नव्हतं आणि इतका मुका मी जन्मात कधी झालो नव्हतो.

शाळांची पोरं येत. हात मागे बांधून दोरीपलीकडून चालत. बाई माहिती सांगत, पोरं जांभया देत, आणि जाताना सगळी एका सुरात "धन्यवाद" म्हणत. पुन्हा कुणी येत नसे. बाई संध्याकाळी दाराशी खुर्ची टाकून बसत. रस्त्याने पोरं जात, आत डोकावत, पाटी वाचत आणि निघून जात. असे अकरा महिने गेले. बाई आता हसत नसत. वर्ष संपायला तीन दिवस उरले.

त्या दिवशी दुपारी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवालीची मुलगी बाईंचे कपडे द्यायला आली. दादांनी तिचं नाव 'प्रश्नपत्रिका' ठेवलं होतं, त्यावरून काय ते समजा. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि दादांकडे वळली.

"आजोबा, हे काय आहे?"

"पाटी लावलीय ना. वाच की."

"पाटीवर काय करायचं नाही ते लिहिलंय. हे काय आहे ते कुठे लिहिलंय?"

दादा जरा गडबडले. "नाटकात ढग गडगडतात ना, तो आवाज करणारा पत्रा आहे."

"मग करा ना."

"आता नाही करत तो. जुना झालाय. म्हणून जपून ठेवलाय."

"आमची आजी पण जुनी झालीय. ती तर दिवसभर गडगडते."

एवढं बोलून ती दोरीखालून आत शिरली आणि माझ्या पोटावर बोटाने टकटक केली. ठप. मित्रांनो, मला लाजेने वितळावंसं वाटलं.

"हा तर दारासारखा वाजतो," ती म्हणाली. "तुम्हाला कुणीतरी फसवलंय, आजोबा."

बाई पलीकडे कपडे मोजत होत्या. त्यांनी ती 'ठप' ऐकली. उठून आल्या आणि माझ्यावर तळहात ठेवला.

"दादा, याचा आवाज गेलाय."

"गेला नाही, मी बसवलाय. केवढा डुगडुगत होता."

बाईंनी एकेका स्क्रूवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "स्क्रू काढ."

"काय बोलतेस? परवा मालक येणार. भिंतीला सहा भोकं दिसतील."

"परवा पोरं दिसली नाहीत, तर भिंत त्यांचीच होणार आहे. भोकं आपल्याकडून भेट."

"अगं, पण पोरं ओढतील, वाकवतील. तीन आठवडे घासलाय मी त्याला."

"माहीत आहे मला. पण हा काही बघायची वस्तू आहे का? मी त्याच्यासमोर सात वर्षं उभी राहिले, आणि मीच विसरले. तुला काय बोलू?"

दादांनी पेचकस आणला. पाच स्क्रू मुकाट्याने निघाले. सहावा निघेना. दादांनी त्याला शिव्या घातल्या, तेल घातलं, शेवटी म्हणाले, "इतकं चांगलं काम आयुष्यात कधी केलं नव्हतं, तेच उखडायला लावतेस." आणि सगळा जोर लावून तोही काढला. मग त्यांनीच मला गोदामाच्या मधोमध तुळईला टांगलं, चारी बाजूंनी मोकळं.

प्रश्नपत्रिकेने पट्टी धरली आणि खसाखसा हलवली. डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज आला.

"हा तर खोकतोय."

"तू त्याला घाई करतेयस," बाई म्हणाल्या आणि तिच्या हातांवर आपले हात ठेवले. "ढग काय दार वाजवून येतो का? आधी लांब कुठेतरी पुटपुटतो. आपल्याला वाटतं, भास झाला. मग जवळ येतो. हळूहळू हलव. आता थोडं जास्त. आता सोड त्याला."

अकरा वर्षं सायकली आणि अकरा महिने रबर. सगळं एकदम बाहेर आलं. गोदामाच्या खिडक्या थरारल्या. मास्तरांच्या दाढीतला सोमवारचा रंग शुक्रवारवर उडाला. आणि मित्रांनो, पहिल्यांदाच मी पडद्याआड नव्हतो. त्या मुलीचं तोंड माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. डोळे मिटतही नाहीत आणि नुसते विस्फारतही नाहीत. आधी मिटतात, मग एकच उघडतो, पुढे काय होतं ते बघायला.

बाहेर लख्ख ऊन होतं. आकाशात ढगाचा एक ठिपका नव्हता. इस्त्रीवाली धावत बाहेर आली आणि वर बघू लागली. दुकानांच्या पाट्या रंगवणारा शिडीवरून उतरला. गल्लीत खेळणारी पोरं थबकली. ढग नाहीत, मग गडगडलं कुठे? असा प्रश्न पडल्यावर कोण घरी जाईल? थोड्या वेळाने दारात चार डोकी दिसली, एकावर एक.

"ते इथूनच आलं का?"

"आत या," बाई म्हणाल्या. "आणि ती दोरी जरा सोडा."

दुसऱ्या दिवशी नऊ जण आले. दादांनी मुखवटे भिंतीवरून उतरवले, मास्तरांनी कपाटातले कुंचले बाहेर काढले, व्हायोलिनमधून मांजराला लाजवील असा आवाज निघू लागला. तिसऱ्या दिवशी बाईंनी पोरं तीनदा मोजली. तिन्ही वेळा सतराच भरली.

बरोबर पाच वाजता मालक आले. त्यांनी हात मागे बांधले होते.

"किती आहेत?"

दादांनी "वी" एवढंच म्हटलं आणि बाईंचं कोपर त्यांना लागलं.

"सतरा," बाई म्हणाल्या. "तीन कमी आहेत."

मालकांनी मान हलवली. तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "आणि हे काय आहे?"

"रांगेत या, कळेल," प्रश्नपत्रिका म्हणाली. मालकांशी कसं बोलावं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि रांग कशी लावावी हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मालक अठरावे उभे राहिले. त्यांची पाळी आली. पोती उचलून घट्टे पडलेले ते हात. त्यांनी पट्टी धरली, आधी जरा चाचपली, मग बाईंनी सांगितलं तसं हळूहळू हलवत गेले, आणि शेवटी जो सोडला तो गडगडाट गडगडेमामांनंतर कुणी केला नव्हता. तीन रस्त्यांपलीकडच्या मैदानात खेळ थांबला. मालकांच्या कानांत अजून घुमत होतं, तोच धापा टाकत सहा पोरं दारात येऊन थडकली आणि विचारू लागली, "कुठे पडली? वीज कुठे पडली?"

बाईंनी मोजलं नाही. दादांनी मोजलं, बोटांवर, सगळ्यांना दिसेल असं.

"तेवीस," ते म्हणाले. "आणि शेवटचे सहा तुम्हीच बोलावलेत."

मालक आपल्या हातांकडे बघत राहिले. मग प्रश्नपत्रिकेला म्हणाले, "माझी पाळी परत कधी येईल?"

"मागे जा. शेवटी उभे राहा."

ते गेले आणि उभे राहिले. पोती आता दुसऱ्या गोदामात आहेत.

मित्रांनो, दादांचं रोगण आता पार उडालंय. पोटावर खळगे पडलेत, एका कोपऱ्याला चावल्याची खूण आहे. कुणी चावलं ते मी सांगणार नाही, त्याला आपल्या आईची भीती वाटते. दादा दर रविवारी तारा तपासतात, पट्टी घट्ट करतात, आणि मी डुगडुगतो तेव्हा दुसरीकडे बघतात. मला विचाराल तर जपणं म्हणतात ते हेच. तुमच्या घरी, शाळेत, कुणाच्या माळ्यावर एखादी जुनी वस्तू गप्प बसलेली असेल, तर तिच्या मालकाला गाठा आणि विचारा की ही काय करायची? मग विचारा, आता का करत नाही? काचेच्या भांड्यांच्या बाबतीत मी जामीन राहणार नाही, पण बाकीच्यांपैकी बऱ्याच जणी नुसत्या कुणी विचारण्याची वाट बघत असतात.

आणि कधी वाट चुकून आमच्या गोदामात आलात, तर डावीकडून धरा, उजवा कोपरा जरा कापरा आहे. हलवण्याआधी क्षणभर श्वास रोखा. तेवढा वेळ मीही रोखतो.