रिकामा परत आलेला गुंड

मी एक जुना पितळी गुंड आहे. हसता काय, मित्रांनो? गुंड म्हटलं की तुम्हाला चौकातला दांडगा माणूस आठवत असेल. आमच्या भंडाऱ्याकडे पाणी भरायच्या गोल पोटाच्या भांड्याला गुंड म्हणतात, आणि मी जन्मात कोणाला धक्कासुद्धा मारलेला नाही. उलट मीच एकदा धाडकन आपटलो. त्या आपटण्यातून काय काय झालं, ते तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म भंडाऱ्याच्या एका कासाराकडे झाला. खालचा अर्धा भाग वेगळा, वरचा वेगळा. दोन्ही जोडून कासारानं मला असं काही ठोकून काढलं की त्या ठोक्यांच्या टिकल्या अजून माझ्या अंगावर आहेत. एक दिवस दुकानात रंभाची आई आली. लेकीच्या लग्नात आंदण द्यायला तिला गुंड हवा होता. तिनं एकेकाच्या पोटावर बोटाच्या पेरानं टिचकी मारून आवाज ऐकला. माझा आवाज ऐकताच म्हणाली, "हाच द्या. हा देवळातल्या घंटीवानी बोलते." अशी स्तुती पुढं फारशी वाट्याला आली नाही, म्हणून आत्ताच सांगून घेतो.

माझ्याबरोबर तिनं लेकीला एक शिकवणही दिली. "रंभा, कोनाचं भांडं आपल्या घरी आलं तं रिकामं वापस करू नोको. पसाभर तांदूळ टाक, नाई तं मिठाचा खडा टाक. रिकामं भांडं वापस देनं म्हंजे तोंडावर दार लावनं होय." रंभानं ही गोष्ट पदराच्या गाठीला बांधून ठेवली. पुढं वर्षभरात तिची माय गेली. विहिरीवर मला भरताना रंभा कधी कधी उगाच माझ्या पोटावर टिचकी मारायची. मी बोलायचो आणि तिचे डोळे भरायचे. मग पाणी दोन ठिकाणांहून यायचं.

रंभाच्या नवऱ्याचं नाव केवलराम. त्याला भिलाईच्या पोलाद कारखान्यात काम लागलं. तिथली पहिली भट्टी तेव्हा नुकतीच पेटली होती आणि बाकी सगळं उभं राहत होतं. केवलरामची नोकरी पक्की झाल्यावर तो रंभाला न्यायला गावी आला. रंभाला दिवस गेले होते. बाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते, पण जिची मायच नाही तिनं कुठं जावं? म्हणून ती नवऱ्याबरोबर निघाली, आणि मी तिच्याबरोबर.

भिलाईजवळच्या दुर्ग स्टेशनावर उतरताना केवलरामच्या एका हातात ट्रंक होती आणि दुसऱ्यात मी. मी निसटलो आणि फलाटावर ठण्णकन आपटलो. पोटाला मुठीएवढा पोचा पडला. त्याची कड अशी उभी राहिली की मला कडेवर घेतलं की ती रंभाच्या कमरेत टोचायची. आणि माझा तो घंटीसारखा आवाज? गेला! टिचकी मारली की नुसतं बद्द वाजायचं.

"लोखंडाच्या गावात पाय ठेवला नाई, तं माह्या मायच्या गुंडाले पोचा पाडला तुमी!" रंभा म्हणाली.

"पितळ होय ते. लोखंडाले भेलं असन," केवलराम म्हणाला.

मी मुळीच भ्यालो नव्हतो. पण पितळेला तोंड असतं, जीभ नसते, मित्रांनो. पुढं तर ही गोष्ट मला फारच जाचली.

आम्ही उतरलो ते कामगारांच्या कॅम्पात, केवलरामच्या गावचे पंजाबराव यांच्या टिनाच्या झोपडीत. पंजाबरावांची बायको ठकूबाई मायाळू होती, पण जागा अशी की पाय पसरला तर तो शेजाऱ्याच्या चुलीत. तिथं राहायचं कसं? केवलरामच्या मनात सेक्टर, म्हणजे कारखान्याची नवी वसाहत होती. सेक्टरात नवं क्वार्टर मिळत होतं. पक्कं छत, बिजली, पलीकडच्या गल्लीत दवाखाना. हो की नाही ते शनिवारी सकाळी ऑफिसात सांगायचं होतं. नाही म्हटलं तर क्वार्टर दुसऱ्याला जाणार.

"मले नाई जमत तिथं," रंभा म्हणाली. "आंध्राचे, बंगालचे, पंजाबचे, कुठकुठचे लोक. तुमी शिफ्टले गेले आन् माह्या पोटात दुखू लागलं, तं मी हाक कोनाले मारू? आन् कोन येइन?"

"कोनी ना कोनी येइनच वो."

"कोनी ना कोनी म्हंजे कोनीच नाई. घर मी निवडीन. भिंतीले काय पाह्याचं? शेजार पाह्याचा. ज्या घराच्या बाजूले राह्याचं तिथं हा गुंड एक दिवस ठेवीन. वापस कसा येते ते पाहीन. शेजार नाई भेटला तं मी आपली भावाकडे जाइन."

केवलरामला हसू आवरेना. "लोकं पोरगी पाहाले जातेत. तू शेजारीन पाहाले चालली!" पण भावाकडं जायचं नाव काढल्यावर त्याचं हसू जरा वरच्या वरच राहिलं. एवढ्या लांब बायकोला आणलं ते काय परत पाठवायला?

तर अशी माझी परीक्षकाची नोकरी सुरू झाली. पहिल्यांदा मला जवळच्या रुआबांधा गावात नेलं. तिथं मथुरा नावाच्या बाईच्या घराची एक खोली भाड्यानं मिळत होती. सारवलेलं अंगण, दारात दोडक्याचा वेल. रंभा म्हणाली, "बाई, बाजार करून येते, हा तेवढा ठेवा. उद्या नेइन." दुसऱ्या दिवशी मथुरानं मला दिलं तेव्हा माझ्या पोटात नवे तांदूळ होते आणि तोंडातून एक दोडका बाहेर डोकावत होता.

"ले बहिनी, थोरकिन चाउर हे," मथुरा तिच्या छत्तीसगढीत म्हणाली. थोडेसे तांदूळ आहेत, असं.

रंभाचा चेहरा असा खुलला की विचारू नका. केवलराम मात्र डोकं खाजवत होता. मथुरा दिवसभर बांधकामावर टोपल्या उचलायला जायची. घर रिकामं. दवाखाना लांब, मध्ये चिखलाची वाट. "दुपारी हाक मारली तं कोन आयकीन? हा दोडका?" तो म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. पण रंभा भरल्या गुंडाकडे बघत होती.

मग मला सेक्टरात नेलं. रिकाम्या क्वार्टरच्या बाजूच्या घरात रत्नमाला राहायची. आंध्राकडची बाई, केसांत अबोलीचा गजरा. तिचा नवरा कृष्णराव कारखान्यात फिटर होता. रंभानं खुणा करून मला तिच्या ओट्यावर ठेवलं आणि ती निघून गेली.

आता नीट ऐका, मित्रांनो, कारण पुढं जे झालं त्याचा मी एकटा साक्षीदार आहे. रत्नमालानं मला आत न्यायला कडेवर घेतलं आणि "अय्यो!" म्हणून कमर चोळली. माझी कड तिला टोचली होती. तिनं पोच्यावर हात फिरवला. मग दाराकडे पाहिलं, जिकडून रंभा गेली होती, आणि स्वतःच्या पोटापुढं हातानं मोठा गोल काढून नवऱ्याला काहीतरी सांगितलं. मला तेलुगू येत नाही. पण या बाईच्या पोटात लेकरू आहे आणि ही कड तिला टोचत असणार, एवढं पितळेलाही कळलं! कृष्णरावानं हत्यारं काढली. आतून एक वाकडी लाकडी दांडी लावली आणि बाहेरून हळूहळू ठोकलं. मला कासाराची आठवण आली. गुदगुल्याही झाल्या. पोचा निघाला. मग रत्नमालानं मला चिंच लावून असं घासलं की मी पुन्हा नवरदेव दिसायला लागलो.

शेवटी तिनं डब्यातले मुरमुरे ओंजळीत घेतले, माझ्या तोंडाशी आणले, आणि थबकली. थोडा वेळ विचार केला. मुरमुरे पुन्हा डब्यात गेले.

अगं टाक, टाक! माझा जीव नुसता तुटत होता.

दुसऱ्या दिवशी रंभा आणि केवलराम आले. रत्नमालानं मला दोन्ही हातांनी पुढं केलं. रंभानं आधी आत डोकावून पाहिलं. आत काही नव्हतं. तिचं तोंड एवढंसं झालं. मला केवलरामच्या खांद्यावर देऊन ती तरातरा चालू लागली.

"पाह्यलं? रिकामा देल्ला. वरून घासून देल्ला. आपला हात लागला होता ना, तो धुऊन काढला."

"अवं, साफ करून देल्ला बिचारीनं."

"कायले केला साफ? मी सांगतलं होतं काय? नाई म्हनून सांगा ऑफिसात. रुआबांध्याले राहू."

मी केवलरामच्या खांद्यावर नुसता जळत होतो. पोचा होता ती बाजू नेमकी त्याच्या मानेकडे! झोपडीत ठकूबाईनं मला कोपऱ्यात ठेवलं, तेही ती बाजू भिंतीला लावून. असं नशीब शत्रूच्या भांड्यालाही मिळू नये.

शनिवार उजाडला. केवलराम तोंड पाडून ऑफिसला निघाला. रंभा मला घेऊन नळावर गेली. मी भरलो. तिनं मला उचलून कडेवर घेतलं, दोन पावलं चालली आणि थांबली. मला या बाजूनं फिरवलं, त्या बाजूनं फिरवलं.

"अगं माय! ठकूबाई, पोचा कुठं गेला वो?"

ठकूबाईला काय ठाऊक? रंभानं पाणी ओतून मला रिकामं केलं आणि कितीतरी दिवसांनी बोटाच्या पेरानं माझ्या पोटावर टिचकी मारली. मी असा बोललो, मित्रांनो, असा बोललो, की नळावरच्या बाया वळून बघायला लागल्या. रंभा तिथंच रडू लागली आणि रडता रडता हसू लागली. "माह्या कमरेत टोचते हे त्या बाईले समजलं. मले तिचं काहीच नाई समजलं!"

मग जी निघाली ती निघालीच. जपून पण भरभर, कडेवर मी, मागून ठकूबाई "अवं हळू, अवं पोटुशी होय तू!" म्हणून ओरडतेय. ऑफिसपुढच्या रांगेत गडीमाणसं बिड्या ओढत उभी होती. केवलराम टेबलापाशी पोचलाच होता.

"अवो! हो म्हना! हो म्हना त्याइले!"

साहेबांनी चष्मा वर केला. "केवलराम, ये कौन है?"

"मालकीन होय साहेब," केवलराम म्हणाला. "आन् तो तिचा गुंड." अख्खी रांग खो खो हसली आणि क्वार्टर आमचं झालं.

तिथून दोघं थेट रत्नमालाच्या दारात. रंभानं मला पुढं धरलं, पोच्याच्या जागेवर हात ठेवला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, "बहुत अच्छा किया, बहन. लेकिन खाली कायको दिया? हमारे में खाली नहीं देते."

रत्नमाला ओशाळली. "हमारे में भी नहीं देते. मगर हमको मालूम नहीं, तुम हमारे हाथ का खाता कि नहीं खाता. पानी का बर्तन है. डर लगा."

 रंभानं आत दिसणारा मुरमुऱ्यांचा डबा बोटानं दाखवला. रत्नमालानं ओंजळ भरून माझ्यात टाकली, आणि रंभानं तिथंच उंबऱ्यावर बसून माझ्यात हात घालून मूठभर मुरमुरे खाल्ले. मग रत्नमालाही बसली. केवलराम कृष्णरावाकडं बघून म्हणाला, "आता ह्या उठत नाईत." खरंच, चहा होईपर्यंत कोणी उठलं नाही.

पुढं एका दुपारी केवलराम शिफ्टला गेला असताना रंभाला कळा सुरू झाल्या. हाक मारायला तिला आवाज फुटेना. हाताशी पळी होती आणि शेजारी मी. तिनं पळीनं मला वाजवलं. पोचा असता तर बद्द वाजून तिथल्या तिथं विरलो असतो. पण मी घंटीवानी वाजलो! रत्नमाला हातातलं पीठसुद्धा न धुता धावत आली. कृष्णराव दवाखान्यातून नर्सबाईला घेऊन आला. संध्याकाळी लेक जन्मली, आणि तिच्या पहिल्या अंघोळीचं पाणी रत्नमालानं माझ्यातूनच ओतलं. केवलराम घरी आला तेव्हा दोघी शेजारणी लेकीचं नाक कोणावर गेलं यावर दोन भाषांत भांडत होत्या.

नाव ठरेपर्यंत तिला बेबी म्हणत होते. मग तेच राहिलं. आज सगळे तिला बेबीताई म्हणतात.

त्यानंतर दोन्ही घरांतलं एकही भांडं कधी रिकामं फिरलं नाही. सांबार गेलं की झुणका यायचा, झुणका गेला की चिंचेचं लोणचं. शेवटचं देणं कोणाचं राहिलं हे कोणालाच कळत नसे. पुढं घरात नळ आला, बादल्या आल्या, स्टीलची भांडी आली. पोलादाच्या गावात पितळेला कोण विचारतं! मी खाटेखाली गेलो, हिरवा पडलो, एका उंदरानं माझ्यात संसारही थाटला. शेवटी बेबीताईनंच मला बाहेर काढलं. तिनं मला चिंचेनंच घासलं. आता मी तिच्या दाराशी असतो आणि येणारी-जाणारी पोरं मला टिचकी मारून जातात. मारू देत. मला आवडतं.

म्हणून सांगतो, मित्रांनो. जुनी भांडी अडगळीत टाकू नका, त्यांना अधूनमधून घासा. नव्या गावात घर शोधाल तर भिंतींआधी शेजार पाहा. आणि शेजारातून एखादं भांडं रिकामं परत आलं, तर लगेच तोंड वाकडं करू नका. आधी ते कडेवर घेऊन पाहा.