डोलीचा चौथा खांदा

मित्रांनो, मी एक जुनी डोली आहे. डोली म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे लगेच नवरी उभी राहणार, मला ठाऊक आहे. पण माझ्यावर आजवर एकही नवरी बसलेली नाही. माझ्यावर उभे राहतात संत योसेफ. येशूचे पालक पिता, धंद्यानं सुतार आणि आमच्या गल्लीचे आश्रयदाते. त्यांच्या सणाच्या दिवशी चौघं जण मला खांद्यावर घेतात आणि चर्चपासून गल्लीच्या टोकापर्यंत मिरवून परत आणतात. बाकीचं वर्ष मी माळ्यावर असते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. नम्रतेच्या बाबतीत माझा हात धरणारं या चर्चमध्ये दुसरं कुणी नाही. हसू नका! वेदीवरच्या पितळी दिव्यांना जरा फडकं लागलं की ते असे मिरवतात, जसा काही सूर्य त्यांच्या घरीच उगवतो. माझं तसं नाही. फुलं वरच्याला, मेणबत्त्या वरच्याला, हात जोडायचे तेही वरच्याला. माझ्या वाट्याला येतो तो चौघांच्या मानेवरचा घाम. मी कधी त्याबद्दल ब्र काढला आहे का? नाही. एवढी मी नम्र आहे.

माझा जन्म गल्लीच्या टोकाच्या सुतारखान्यात झाला. माझे दोन लांब दांडे म्हणजे एका जुन्या शिडीचे पाय. मधली फळी एका मोडक्या दाराची. थोडक्यात, ज्यांच्यावर लोकांनी आयुष्यभर पाय दिला किंवा ज्यांना धाडकन आपटलं, अशा लाकडांची मी बनलेली आहे. ज्या सुतारानं मला बनवलं त्याला तेव्हाच्या फादरांनी विचारलं, "बक्षीस काय देऊ?" तो म्हणाला, "मागचा डावा खांदा आमच्या घराकडे राहू द्या." तेव्हापासून ते टोक सुतारांचं. पुढची दोन टोकं लोहारांची आणि मागचं उजवं पाववाल्यांचं.

मध्यंतरी कुणाच्या तरी डोक्यात आलं की आता जमाना बदलला, संतांना चाकांच्या गाडीवरून न्यावं. नेलं! गल्लीतल्या फरशांवर ती गाडी अशी खडखडली की संत योसेफ हिवताप भरल्यासारखे थरथरत होते. पुढच्या वर्षी मला मुकाट्यानं माळ्यावरून उतरवलं. मी काही बोलले नाही. मनातल्या मनात मात्र लाडू फुटले.

आता आमच्या मिरवणुकीचा एक खास रिवाज ऐका. संतांच्या पायांपाशी एक लाकडी वाडगा ठेवतात, पाण्यानं काठोकाठ भरलेला. ते पाणी जातं ज्याचा खांदा आता थकला आहे अशा जुन्या माणसाच्या दारी. पाणी न सांडता पोचवायचं, एवढाच नियम. सांडलं तर अपशकुन वगैरे काही नाही. आमचे फादर म्हणतात, "पाणी सांडलं तर इतकंच कळतं, की चौघांपैकी कुणीतरी स्वतःपुरतं चाललं."

सध्याचा सुतार उंचापुरा गडी. त्याच्या खांद्यावर मी वर्षानुवर्षं निर्धास्त होते. पण छताचं काम करताना तो पडला आणि गुडघ्यानं कायमचा दगा दिला. त्याला मुलगा नाही, एक मुलगी आहे. तिला सगळे 'पाचर' म्हणतात. चणीनं एवढीशी, पण एकदा कुठे बसली की हलायची नाही. मूर्ती लहान पण कीर्ती मोठी! बाप घरी बसल्यापासून सारा सुतारखाना तीच सांभाळते. रंधा असा मारते की ढलपीतून पलीकडचं दिसावं. बाप मात्र कौतुकाच्या बाबतीत हात आखडता. तिनं खुर्ची करावी, कपाट करावं, त्यानं एक डोळा मिटून कडेकडेनं नजर फिरवावी आणि म्हणावं, "चालेल." चांगलं नाही, छान नाही, नुसतं "चालेल". पोरीनं त्या एका शब्दावर तिशी गाठली.

सण जवळ आला तशी ती चर्चमध्ये आली आणि म्हणाली, "मागचा डावा खांदा यंदा मी देणार."

थोरला लोहार तिथेच होता. खजुराच्या झाडासारखा उंच, आवाज घणासारखा. मनानं वाईट नाही हो, पण मान म्हणजे ओतीव लोखंड. तो म्हणाला, "अगं, तू मुलगी आहेस म्हणून नाही म्हणत मी. पण तुझी उंची बघ! डोली काय घसरगुंडी करायची आहे?"

"मग तुम्ही जरा वाकून चाला की, काका."

"मी?" लोहाराला ठसकाच लागला. "आमच्या आज्यापासून आम्ही ताठ मानेनं संत उचललेत. मी वाकलो तर उद्या गल्ली म्हणेल, लोहाराची कंबर गेली. कोण देईल मला काम?"

धाकटा लोहार भावाच्या मागे उभा होता. त्यानं मान डोलावली. थोरल्याला शिंक आली तरी धाकटा रुमाल काढतो, अशातली गत.

शेवटी तालीम घ्यायचं ठरलं. संतांच्या जागी मागचा उजवा खांदा देणाऱ्या वयस्कर पाववाल्यांनी मैद्याचं एक भरलं पोतं ठेवलं. वजन साधारण तेवढंच. पाचरनं खांद्यावर बांधायला एक लाकडी ठोकळा करून आणला होता, वर कापडाची गादी लावून. "बघा, झाले की नाही मी उंच?" ती म्हणाली. चौघं उठले, चार पावलं गेले आणि ठोकळा सटकला. मी मागे कलंडले, वाडगा उलटला आणि पाणी थेट पोत्यात! पाववाले कपाळाला हात लावून म्हणाले, "झालं! आता इथेच मळून घेतो आणि भट्टीत टाकतो."

सगळे हसले. पाचर हसली नाही. थोरला लोहारही हसला नाही. तो म्हणाला, "हे बघ पोरी, सणाच्या दिवशी थेंबभर जरी पाणी सांडलं, तर पुढच्या वर्षीपासून तो खांदा माझ्या पुतण्याचा. तो माझ्याएवढा उंच आहे. कबूल?"

पाचरनं माझ्या दांड्यावर हात ठेवला. तळहात खरखरीत, सुताराचा. म्हणाली, "कबूल."

मित्रांनो, मला एक गोष्ट कळत होती, जी त्या चौघांपैकी कुणालाच कळत नव्हती. पण ती पुढे सांगते.

सणाच्या सकाळी, मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य प्रार्थनाविधीच्या, आधी ती संतांपुढे एकटी गुडघे टेकून बसली. मी शेजारीच होते, सगळं ऐकलं. "संत योसेफा, तूही सुतार, मीही सुतार. उंची काही मागत नाही, ती आता या जन्मात मिळायची नाही. तू काम केलंस आणि सगळ्या शुभवर्तमानात तोंडातून एक शब्द काढला नाहीस. माझंही तसंच होऊ दे. फक्त ते पाणी बाबांच्या खिडकीपर्यंत पोचू दे." यंदाचं पाणी तिच्या बापाच्याच दारी जायचं होतं, बघा!

मिस्सा संपली. घंटा वाजली. "उचला!" थोरल्याचा घणासारखा आवाज घुमला आणि मी वर गेले. पुढे दोघं लोहार, सुळक्यासारखे ताठ. मागे पाववाले, जे मुळातच बुटके आणि त्यात पाव भाजून भाजून वाकलेले. त्यांच्या शेजारी पाचर, चवड्यांवर उभी. मी पुढून वर, मागून खाली. वाडग्यातलं पाणी मागच्या काठाशी येऊन थांबलं आणि तिथे एक थेंब लोंबकळू लागला. पडू की नको, पडू की नको.

आता ती गोष्ट सांगते. डोली तिरपी झाली की ओझं सरकतं. सगळं मागे येतं. थोरल्याच्या खांद्यावर त्या वेळी जवळजवळ काहीच नव्हतं! त्याला वाटत होतं की आपल्या अंगात हत्तीचं बळ आहे, म्हणून संत हलके लागताहेत. आणि मागे पाववाले धापा टाकत होते आणि पाचरच्या पिंढऱ्या लटलटत होत्या. मला तोंड असतं तर मी तिथल्या तिथे ओरडले असते, "अरे लोहारा, तू नुसता दांडा धरून चाललायस!" पण डोलीला तोंड कुठलं? असो.

आता आमच्या चर्चचं दार. मोठं दार आहेच, पण संतांच्या दिवशी बाहेर पडायचं ते बाजूच्या ठेंगण्या दारातून. कुणी बांधलं, का इतकं ठेंगणं बांधलं, देव जाणे. त्यातून संतांना न्यायचं तर उंच माणसांना गुडघ्यांत वाकावंच लागतं. थोरला तेवढ्यापुरता वाकायचा आणि बाहेर आला की पुन्हा खांबासारखा सरळ. तेव्हा मागे पाचरचा बाप असायचा, उंच, त्यामुळे ते खपून जायचं.

दार आलं. थोरला वाकला. धाकटा वाकला. मी सपाट झाले. आणि मग सगळं ओझं पाण्यासारखं चौघांत सारखं पसरलं.

थोरल्याच्या तोंडून "हुं!" असा आवाज निघाला. त्याची पावलं जागच्या जागी थबकली. संत योसेफ त्या क्षणी खरोखर त्याच्या खांद्यावर आले होते. त्यानं दातओठ खाल्ले, मान किंचित वळवली आणि मागे पाहिलं. पाचरच्या टाचा आता जमिनीला टेकल्या होत्या. तिचा चेहरा घामानं निथळत होता आणि खांद्यावरचा कपडा दांड्यानं घासून फाटला होता.

"पोरी," तो हळूच म्हणाला. मी त्याचा इतका हळू आवाज जन्मात ऐकला नव्हता. "वेदीपासून इथवर... हे सगळं तुमच्या दोघांच्याच अंगावर होतं?"

पाचर म्हणाली, "काका, समोर बघा. पायरी आहे."

बस्स, इतकंच. "सांगितलं नव्हतं का मी?" नाही की "आता कळलं ना?" नाही. मी नम्रतेत कुणाला हार जात नाही, पण त्या दिवशी गेले.

आम्ही बाहेर आलो. आता थोरला सरळ होणार, आता होणार... तो झाला नाही. गुडघे वाकवून, कंबर मोडून, पाचरच्या खांद्याच्या उंचीला आपला खांदा आणून तो तसाच चालत राहिला. धाकट्यानं भावाकडे पाहिलं आणि तोही तसाच राहिला. उतरणीवर ते आणखी वाकले, चढावर किंचित उठले. थोरला दर पावलाला विचारत होता, "बरोबर आहे ना गं? खाली येऊ का अजून?" आणि पाववाले म्हणत होते, "बास बास, आता काय रांगतोस की काय?"

गल्लीत ही गर्दी! गच्च्यांवर माणसं, खिडक्यांत माणसं. चावडीबहाद्दर कुठे नसतात? एकानं गर्दीतून आरोळी ठोकलीच, "काय लोहार, कंबर गेली वाटतं!"

थोरल्यानं मान वर केली नाही. चालता चालता त्याच आपल्या घणासारख्या आवाजात ओरडला, "कंबर जागेवर आहे रे! ताठा गेला!"

अशी टाळी पडली म्हणता! आमच्या गल्लीत संत दारावरून जाताना जो तो आपलं हत्यार वाजवतो. चांभारानं हातोडी वाजवली, शिंप्यानं कात्री खणखणवली, पाववाल्यांच्या बायकोनं भट्टीच्या लोखंडी फावड्यावर पळी हाणली. मागून गाणारी मंडळी टिपेला पोचली. त्या सगळ्या गजरात मी एखाद्या तळ्याच्या पाण्यासारखी सपाट चालले होते. आजवर मी इतक्या मिरवणुका पाहिल्या, पण अशी कधी चालले नाही. आनंदानं माझा एकेक सांधा भरून आला. खोटं कशाला बोलू?

गल्लीच्या टोकाला सुतारखाना. खिडकीत म्हातारा सुतार बसला होता, काठी गुडघ्यांत धरून. पैज त्याच्या कानावर गेली होती. आम्ही समोर थांबलो. फादर पुढे झाले आणि त्यांनी वाडगा उचलून सगळ्यांना दाखवला. पाणी काठोकाठ होतं. खालची फळी कोरडी ठणठणीत होती.

थोरला म्हणाला, "सुतारा, हा खांदा तुमच्याच घरचा. माझ्या पुतण्याला मी दुसरं काही तरी धरायला देतो."

"माझी पिशवी धरू दे," पाववाले म्हणाले आणि पुन्हा हशा पिकला.

पण पाचरचं तिकडे लक्ष नव्हतं. ती बापाकडे बघत होती. बापानं वाडग्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं एक डोळा मिटला. माझ्या दांड्यावरून नजर लावली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लोहाराच्या खांद्यापासून आपल्या लेकीच्या खांद्यापर्यंत. सावकाश. मला वाटलं, आता म्हणणार, "चालेल."

त्यानं डोळा उघडला. त्यात पाणी होतं.

"सुतात आहे, पोरी," तो म्हणाला. "एका सुतात आहे."

मित्रांनो, सुतात म्हणजे दोरी लावून आखल्यासारखं सरळ, आणि सुताराच्या घरात याहून मोठा शब्द नाही. चौघांच्या चारही खांद्यांना तो शब्द पोचला. पाचर रडत होती आणि हसत होती, पण खांदा तिनं तसूभर हलू दिला नाही. तशीच उभी राहिली, आणि बापानं ते पाणी घोट घोट पिऊन संपवलं.

आता मी पुन्हा माळ्यावर आहे. चर्चमध्ये आलात तर वर येऊन माझ्या सांध्यांना थोडं तेल चोळा आणि माझ्यावर फुटक्या खुर्च्या रचू नका. आणि एक ध्यानात ठेवा. कुणाबरोबर ओझं उचलताना ते फार हलकं लागलं, तर स्वतःच्या दंडाकडे बघून खूश होऊ नका. आधी मागे वळून बघा. खालच्या बाजूला कोण आहे ते बघा आणि गुडघे वाकवा.

वाकलात की मला कळवा. मी नम्र आहे, पण अशा बातमीची वाट बघते.